कोरससमोरचे प्रश्नचिन्ह

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या संगीत नाट्यमंडळाच्या सचिव मुलीने येत्या हंगामाचा कागद माझ्यासमोर ठेवला. वहीतून फाडलेल्या त्या कागदावर तीन नाटके तीन रकान्यांत मांडलेली होती. पहिल्या रकान्यात पदांनी गच्च भरलेले एक जुने संगीत नाटक होते. दुसऱ्यात मंडळातल्याच दोघांनी लिहायला घेतलेले, अजून अर्धेच झालेले नवे नाटक होते, आणि तिसऱ्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी राखून ठेवलेले चार पात्रांचे, दीड तासाचे छोटे नाटक. प्रत्येक नाटकाखाली प्रमुख भूमिकांची नावे निळ्या शाईने भरलेली होती, काहींच्या शेजारी पेन्सिलीने पर्यायही लिहिलेले होते. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगमंच व्यवस्था, अगदी तिकीट खिडकीपर्यंत प्रत्येक कामापुढे कोणाचे ना कोणाचे नाव होते. पहिल्या दोन रकान्यांत ‘कोरस’ या शब्दापुढे मात्र नुसते प्रश्नचिन्ह होते.

विद्यार्थी असताना मी या मंडळात पेटी वाजवत असे. आता दर वर्षी हंगाम ठरण्याच्या वेळी मला बोलावले जाते. ‘सल्लागार’ हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण माझे खरे काम एवढेच असते की मुलांचा उत्साह ओसंडून वाहत असताना कोपऱ्यात बसून ‘हे पद कोणाच्या पट्टीत बसवणार?’ यासारखे रसभंग करणारे प्रश्न विचारायचे. हे काम मला आवडते, हेही कबूल करतो.

व्यावसायिक संस्था हंगाम ठरवते तेव्हा ती आधी नाटक निवडते आणि मग त्याला लागणारे गायक-नट शोधते. विद्यार्थी मंडळाला ही चैन नसते. आपल्याकडे यंदा कोण आहे, त्यांतले कोण परीक्षेमुळे मध्येच गळणार आहे आणि कोणाचे हे शेवटचे वर्ष आहे, एवढे पाहूनच त्याला नाटक उचलावे लागते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर दर वर्षी मंडळाचा साधारण एक तृतीयांश भाग निघून जातो आणि तेवढीच अनोळखी मंडळी आत येतात. ज्या तारस्वराच्या भरवशावर आपण जून महिन्यात नाटक ठरवले, तो स्वर पुढल्या जूनमध्ये नोकरीच्या गावी गेलेला असतो. तरीही अशी मंडळे टिकतात आणि काही तर फार जुनी होतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या हेस्टी पुडिंग मंडळींचा पहिला नाट्यप्रयोग १८४४ सालचा आहे. केंब्रिजच्या फुटलाइट्सची स्थापना १८८३ ची आणि प्रिन्स्टनच्या ट्रँगल क्लबची १८९१ ची. ज्या संस्थेतला प्रत्येक सभासद तीन-चार वर्षांत बदलतो, तिने सव्वाशे-दीडशे वर्षे गात राहावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे, कारण व्यावसायिक नाटक कंपन्या मालकाच्या एका आजारपणात बंद पडलेल्या आपण ऐकतो.

कागदावरच्या पहिल्या नाटकाबद्दल सचिवाला सर्वांत मोठा दिलासा कसला होता, तर ते ‘जुने’ असल्याने परवानगीची कटकट नाही, याचा. हा गैरसमज प्रत्येक पिढी नव्याने करून घेते, त्यामुळे त्यावर थोडे थांबतो. संगीत नाटक ही कायद्याच्या नजरेला एकसंध वस्तू दिसत नाही. संहिता एकाची, पदे कधी दुसऱ्याची, चाली तिसऱ्याच्या, आणि वाद्यमेळाची मांडणी कोणी नंतर नव्याने केलेली असेल तर ती चौथ्याची. प्रत्येकाच्या हक्काची मुदत ज्याच्या त्याच्या मृत्यूपासून मोजली जाते. भारतात ती मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे, तर युरोपात ७० वर्षांची. इंग्रजी संगीत रंगभूमीवरच्या गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचे उदाहरण मी मुलांना नेहमी सांगतो. दोघांनी मिळून १४ संगीतिका केल्या. संगीतकार सलिव्हन १९०० साली गेला आणि शब्दकार गिल्बर्ट १९११ साली. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे चाली १९५० च्या अखेरीस मोकळ्या झाल्या आणि शब्द मात्र १९६१ च्या अखेरीपर्यंत बांधलेले राहिले. मधली अकरा वर्षे ती गाणी कोणालाही वाजवता येत होती, पण म्हणता येत नव्हती. पेटीवाला म्हणून मला या गोष्टीत एक खासगी समाधान मिळते.

हक्क जिवंत असतील तर परवाना घ्यावा लागतो, आणि परवान्यातली बारीक अक्षरातली कलमे विद्यार्थ्यांनी वाचलेली नसतात. पद गाळणे, संवाद बदलणे, पुरुषपात्राचे स्त्रीपात्र करणे, प्रयोगाचे चित्रण करून ते सगळ्यांना दाखवणे, यांतल्या बहुतेक गोष्टींना वेगळी लेखी परवानगी लागते. आमच्या मंडळाने एका वर्षी दोन अंकी नाटकातली तीन गाणी ‘लांबी होते’ म्हणून परस्पर काढून टाकली आणि ते ज्यांच्याकडून घेतले होते त्यांचे सौम्य पण अत्यंत स्पष्ट पत्र रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आले. ती तीन गाणी आम्ही एका रात्रीत पुन्हा बसवली. प्रयोगात नेमकी त्यांतल्याच एकाला उत्तम दाद मिळाली, आणि ‘लांबी होते’ म्हणणारा दिग्दर्शक विंगेत उभा राहून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

परवानगीचा प्रश्न एकदा सुटला की सुटतो, पट्टीचा प्रश्न मात्र प्रयोगाच्या दिवसापर्यंत मानेवर बसलेला असतो. पट्टी म्हणजे पेटीवरची जी पांढरी किंवा काळी सुरी गायक आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, मानतो ती. पुरुषाचा आवाज साधारणपणे काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये मोकळा लागतो, तर बहुतेक मुलींना काळी चार किंवा पांढरी पाच सोयीची पडते. दोघांनी आपापली स्वतंत्र पदे म्हटली तर काहीच अडचण नसते. अडचण येते ती नायक-नायिकेच्या एकत्र पदात, जिथे एकाच चालीतली एक ओळ त्याने म्हणायची आणि पुढची तिने. पट्टी त्याची धरली तर तिचा आवाज खर्जात बसल्यासारखा दबतो आणि तिची धरली तर तो टाचा उंचावून गातो आहे, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसते. यावरची जुनी युक्ती अशी की काळी एकमध्ये गाणाऱ्या नायकाचा पंचम (‘प’) म्हणजेच काळी चार, तो नायिकेने आपला षड्ज मानायचा. तिची ओळ आली की सगळी चाल तिथून उभी राहते आणि पुन्हा त्याची ओळ आली की खाली येते. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ज्या क्षणी त्याची ओळ संपते, त्या क्षणी तिला स्वतःचा षड्ज मनात धरून ठेवावा लागतो आणि कानावर मात्र अजून त्याचाच षड्ज घुमत असतो.

यंदाच्या पहिल्या नाटकात असे एक पद आहे आणि त्याची चाचणी मी त्याच दिवशी घेतली. मुलगा तयार होता. मुलगी पहिल्या वर्षाची, गळा गोड, पण तिची ओळ येताच ती दर वेळी त्याच्याच षड्जावर घसरत होती आणि अर्ध्या ओळीत ते लक्षात येऊन थांबत होती. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी तबल्यावर बसलेल्या मुलाने, जो एरवी तालमीत कोणाशी फारसा बोलत नाही, आपल्या पिशवीतून दुसरा तबला काढला, हातोडीने ठोकून तो काळी चारमध्ये लावला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. नायकाची ओळ संपता संपता त्याने समेच्या आधीचे दोन बोल त्या दुसऱ्या तबल्यावर वाजवले. तबल्यावरच्या काळ्या शाईवरून उठलेला तो स्वच्छ स्वर तिच्या कानाला लागला आणि ती अलगद वर गेली. कोणी काही बोलले नाही. मी पेटीच्या भात्यावरचा हात न थांबवता मान खाली घातली, कारण ही गोष्ट मला सुचायला हवी होती.

त्या जुन्या नाटकाची दुसरी अडचण आजच्या काळातली आहे. आमच्या मंडळात यंदा मुली पुष्कळ आणि मुलगे थोडे आहेत. नाटकातली पात्रे मात्र उलट हिशेबाने लिहिलेली आहेत. हा उलटा हिशेब कुठून आला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाने खऱ्या अर्थाने बाळसे धरले, तेव्हा शकुंतलेपासून सख्यांपर्यंत सगळी स्त्रीपात्रे पुरुषच करत होते. पुढे बालगंधर्वांनी त्या परंपरेला जे शिखर दाखवले, त्यानंतर तर नायिकेच्या गायकीची कल्पनाच एका पुरुषाच्या गळ्यातून घडली. हेस्टी पुडिंगमध्येही स्त्रियांच्या भूमिका पुरुष विद्यार्थी करत आले, आणि तिथे रंगमंचावर विद्यार्थिनी उभ्या राहायला २०१९ साल उजाडावे लागले. आज आमच्याकडे उलटी पाळी आहे. राजाचा सेनापती, त्याचा विदूषक आणि दोन ऋषिकुमार या भूमिका मुली करणार आहेत.

बैठकीत यावर बराच खल झाला. एका मुलाचे म्हणणे असे की प्रेक्षक हसतील. माझे मत असे की प्रेक्षक पहिली दोन मिनिटे हसतात आणि नंतर पट्टी जमली असेल तर विसरतात, जमली नसेल तर शेवटपर्यंत हसतात. सेनापतीचे वीररसाचे पद काळी चारमध्ये नेले तर त्याचा आवेश किंचित बदलतो, हे खरे आहे. जे पद भारदस्त वाटायचे ते धारदार वाटू लागते. मला तरी ते ऐकायला आवडले. जे नाटक एकेकाळी पुरुषांच्या गळ्यातून नायिका ऐकण्याइतके दिलदार होते, त्याने मुलीच्या गळ्यातून सेनापती ऐकायला हरकत घेऊ नये. मात्र विदूषकाच्या वाट्याचे विनोद आता कोणालाच हसू आणत नाहीत, आणि त्याला पट्टी बदलून उपाय नाही.

आता प्रश्नचिन्हाकडे वळतो, कारण त्या कागदावरचे माझे लक्ष खरे म्हणजे तिथेच अडकून राहिले होते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही एका आवाजासाठी एक नाटक उचलले होते. तो आवाज खरोखरच असा होता की त्याच्यासाठी कोणीही काहीही उचलले असते. आमच्या एका मित्राचा तार षड्ज इतका निर्धास्त लागायचा की तो लावताना त्याच्या चेहऱ्यावर काही घडतच नसे. नाटकातली पंचवीस पदे, त्यांतली चौदा त्याची. बाकीच्या आम्हा सगळ्यांनी ते नाटक म्हणजे त्याच्या बैठकीला लावलेली महिरप आहे, असेच मनोमन मानले होते. तालमीही तशाच चालल्या. त्याची पदे आधी, दोनदा, तीनदा. कोरस शेवटी, वेळ उरला तर. कोरसमधल्या बारा-पंधरा जणांना आम्ही ‘मागचे’ म्हणत होतो आणि ते आम्हाला अजिबात खटकत नव्हते.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी त्याला सर्दी झाली. त्याने ती कोणाला कळू दिली नाही आणि तालमी पूर्ण आवाजात केल्या. पाचव्या दिवशी त्याच्या बोलण्यात घरघर आली आणि सहाव्या दिवशी ओठ हलत होते पण ऐकू काही येत नव्हते. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले आणि स्वरतंतू सुजले आहेत, पंधरा दिवस तोंडातून शब्दही काढायचा नाही, कुजबुजायचेही नाही, असे सांगितले. कुजबुजणे बोलण्यापेक्षा सौम्य असेल अशी आमची समजूत होती, तीही त्या दिवशी गेली. स्वरतंतू म्हणजे दोन इवल्याशा घड्या. पुरुष साधे बोलतो तेव्हाही त्या सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकींवर आपटतात आणि वरच्या पट्टीत गाताना याच्या तिप्पट-चौपट वेळा. सुजलेल्या अवस्थेत पाच दिवस हे चालले होते, आणि आम्ही शेजारी बसून ‘वा’ म्हणत होतो.

प्रयोग रद्द झाला. तिकिटे परत केली, भाड्याने आणलेला सेट न वापरता परत गेला, आणि मंडळ पुढचे वर्षभर कर्ज फेडत राहिले. त्याला आम्ही दोष दिला नाही. निदान त्याच्या तोंडावर दिला नाही. तो मात्र त्यानंतर मंडळात फिरकला नाही आणि आम्हीही त्याला हाताला धरून आणले नाही, याची मला आज त्या कर्जापेक्षा जास्त लाज वाटते.

ही गोष्ट इथे संपली असती तर ती प्रत्येक नाट्यमंडळाकडे असते तशी एक दुर्घटना ठरली असती. पण दोन वर्षांनी, निरोपसमारंभ आटोपून आम्ही काही जण रिकाम्या तालीमघरात बसलो होतो आणि कोणीतरी सहज त्या नाटकातल्या पदाचा मुखडा गुणगुणला. तेव्हा कोरसमधली एक मुलगी, जी तीनही वर्षे मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी राहिली होती, तिने तो पुढे नेला. मुखडा झाला, अंतरा झाला, मधल्या दोन ताना जशाच्या तशा आल्या आणि पद समेवर येऊन थांबले. मग तिने दुसरे पद म्हटले. चौदाच्या चौदा पदे तिला येत होती. पट्टी तिची होती, पण बाकी सगळे त्याचे होते, अगदी तो जिथे श्वास घ्यायचा त्या जागांसकट. रोज तीन तास मागे उभे राहून ऐकत होते, त्यात पाठ झाले, असे ती म्हणाली. ‘मग त्या वेळी बोलली का नाहीस?’ असे कोणीतरी जरा चढ्या आवाजातच विचारले. ती म्हणाली, ‘मला कोणी विचारलं नाही. आणि मी मुलगी. राजाचं पद मी म्हणते, असं कसं म्हणणार होते?’

ती आठवण मी मुलांना सांगत नाही. सांगितली तर तिची बोधकथा होते आणि मुले बोधकथा ऐकून मान डोलावतात. पण तेव्हापासून हंगामाचा कागद हातात आला की मी आधी कोरसची यादी पाहतो, आणि ती नसेल तर पुढचे काही वाचवत नाही.

कोरसबद्दलची आपली एकूण समजूतच चुकीची आहे, असे मला वाटते. ज्यांना भूमिका मिळाली नाही त्यांची सोय म्हणजे कोरस, असे मंडळात कोणी बोलून दाखवत नाही, पण वाटपाच्या दिवशी चेहरे तेच सांगतात. प्रत्यक्षात संगीत नाटकातले सर्वांत अवघड गाणे त्यांच्या वाट्याला येते. एकट्या गायकाचा ताल किंचित मागेपुढे झाला तर साथीदार त्याला सांभाळून घेतात. वीस जणांना कोणी सांभाळू शकत नाही. त्यातून ध्वनी हा फार संथ प्रवासी आहे. तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यात बसलेल्या तबल्याचा ठोका १५ मीटर मागे उभ्या असलेल्या मुलापर्यंत पोचायला सेकंदाचा जवळपास विसावा भाग घेतो. त्याने तो ऐकून मग तोंड उघडले, तर त्याचा आवाज पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा सगळा उशीर मात्रेच्या जवळपास एक पंचमांशाइतका होतो, आणि प्रेक्षकाला कोरस ‘ओढतो आहे’ असे वाटते. दिग्दर्शक मग ‘मागचे झोपलेत का?’ असे ओरडतो. मागचे झोपलेले नसतात, ते प्रामाणिकपणे कानावर विसंबलेले असतात. त्यांना डोळ्यांवर विसंबायला शिकवावे लागते. वाजवणाऱ्याच्या हाताकडे पाहून, ऐकू येण्याच्या किंचित आधी गायचे, म्हणजे स्वतःच्या कानाला जे चूक वाटते ते विश्वासाने करत राहायचे. यासाठी आठ-दहा तालमी लागतात, आणि हंगामाच्या वेळापत्रकात कोरससाठी कधीही तीनपेक्षा जास्त तालमी लिहिलेल्या नसतात.

नव्या नाटकाबद्दल थोडक्यात. लिहिणाऱ्या दोघांनी पहिला अंक वाचून दाखवला. संवाद चुरचुरीत आहेत. त्यात सात गाणी आहेत आणि सातही मध्य लयीत, सातही ‘मी’पासून सुरू होणारी आहेत. विशीतल्या लेखकाच्या नाटकात प्रत्येक पात्राला आपले मन उघड करण्याची घाई असते, त्यात आश्चर्य नाही, पण तासाभरात सात मने उघडी झाली की आठवे उघडताना प्रेक्षक घड्याळ पाहतो. मी त्यांना एवढेच सुचवले की एखादे गाणे असे असू द्या ज्यात कोणी स्वतःबद्दल बोलत नाही, सगळे मिळून काहीतरी काम करत आहेत आणि गात आहेत. जुन्या नाटककारांकडे यासाठी साकी, दिंडी, ओवी असे साधे साचे हाताशी असत, त्यामुळे किर्लोस्करांच्या शाकुंतलात पदांची संख्या २०० च्या आसपास जाऊनही ते पेलले गेले; त्यातली कितीतरी पदे गोष्ट पुढे ढकलून चार ओळींत बाजूला होतात. ‘म्हणजे कोरसचं गाणं?’ असे त्या दोघांपैकी एकाने विचारले, आणि त्याच्या स्वरात जी निराशा होती ती लपवण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

बाकी वेळापत्रक ठीक आहे. वाचनाला दोन आठवडे, पदे बसवायला पाच, हालचालींना तीन, आणि शेवटच्या आठवड्यात तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम. तांत्रिक तालमीला त्यांनी चार तास ठेवले आहेत आणि ती आठ तास चालणार आहे. हे मी त्यांना सांगितले नाही, कारण हे सांगून कोणालाही पटलेले मी पाहिलेले नाही. मुख्य भूमिकांना पर्यायी कलाकार नेमायचे, त्यांच्या किमान दोन पूर्ण तालमी घ्यायच्या आणि त्यांच्यासाठी पदांच्या वेगळ्या पट्ट्या आधीच लिहून ठेवायच्या, ही तीन वाक्ये मात्र मी त्या कागदाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहिली. एका आवाजाच्या पदांची दुसऱ्या आवाजासाठी पट्टी ऐन वेळी बदलायची झाली तर पेटीवाल्याचे फारसे बिघडत नाही, पण ज्याच्यापुढे स्वरलेखन आहे त्या व्हायोलिनवाल्याला प्रत्येक सूर नव्याने लिहून घ्यावा लागतो. ते काम रात्रभराचे आहे आणि ते प्रयोगाच्या आदल्या रात्री करू नये.

बैठक संपत आली तेव्हा मी सचिवाला त्या प्रश्नचिन्हांबद्दल विचारले. ‘मुख्य पात्रं ठरली की उरलेले कोरसमध्ये येतील ना, दादा,’ ती म्हणाली, आणि बोलता बोलताच ‘उरलेले’ हा शब्द तिचा तिलाच कुठेतरी टोचला असावा, कारण तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला. नवा कागद काढून ती आधी कोरसची नावे लिहू लागली. एकेक नाव लिहिताना ती त्या त्या व्यक्तीचा चेहरा आठवत असल्यासारखी थांबत होती. तेरा नावे झाली. चौदाव्याला पेन अडले.

‘तो एक पहिल्या वर्षाचा मुलगा येतो, सेट उचलायला. तो गातो का, माहीत नाही.’

‘त्याला विचारलं आहे कोणी?’

तिने दाराकडे पाहिले. बाहेरच्या व्हरांड्यात मागच्या हंगामाच्या फळ्या एकावर एक रचल्याचे आवाज येत होते. पेनाचे टोपण तसेच उघडे टाकून ती उठून बाहेर गेली.